गाडीला फोन कुणाचा जोडलाय?

घरात मोटार आली म्हणजे पहिल्या दिवशी काय काय होतं, ते तुम्हांला नव्यानं सांगायला नको. नारळ फुटतो, बॉनेटवर कुंकवाचं स्वस्तिक निघतं, चाकांखाली लिंबं ठेवली जातात, पेढ्यांचा पुडा घेऊन मुलं शेजारीपाजारी धावत सुटतात. पूजेचं ताट अर्थातच आपल्या हातात असतं. आणि त्याच गडबडीत शोरूमचा तो हसतमुख मुलगा पुढच्या सीटवर वाकून 'ह्यां'ना म्हणतो, "सर, फोन द्या तुमचा, जोडून देतो." सरांचा फोन जोडला जातो. मॅडमचा राहतो. कित्येक घरांत तो वर्षानुवर्षं राहतो!

मैत्रिणींनो, हा लेख त्या राहून गेलेल्या फोनसाठी आहे. गाडी शिकलेल्या, लायसन्स पर्समध्ये घेऊन फिरणाऱ्या, मुलांना क्लासला नि सासूबाईंना डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नेणाऱ्या कितीतरी जणी माझ्या ओळखीच्या आहेत. गिअर टाकताना त्यांचा हात थरथरत नाही, सेव्हन हिलच्या पुलाखालची गर्दी त्या सहज काढतात. पण गाडीतली ती मधली चकचकीत स्क्रीन म्हणजे जणू देव्हाऱ्यातली सोवळ्याची वस्तू! तिला हात लावायचा तो ह्यांनी, नाहीतर बारा वर्षांच्या चिरंजीवांनी. चिरंजीव दोन मिनिटांत सगळं करून मोकळे होतात, पण काय केलं ते काही सांगत नाहीत. विचारलं तर, "आई, सिंपल आहे गं!"

आहेच सोपं. पण सोपं आहे हे कुणीतरी नीट बसून सांगावं लागतं.

तसं पाहिलं तर आपल्या शहराला मोटारींचं नवल वाटण्याचं कारण नाही. १९८५ साली वाळूजला बजाजचा कारखाना आला आणि स्कूटर ही घरोघरीची गोष्ट झाली. २००१ पासून शेंद्र्याला स्कोडाची ऑक्टाविया तयार होऊ लागली, पुढं ऑडीच्या गाड्याही तिथंच जोडल्या गेल्या. २०१० च्या ऑक्टोबरात इथल्या मंडळींनी एकी करून सुमारे १५० मर्सिडीज एकदम खरेदी केल्या, सुमारे ६५ कोटींच्या, आणि त्याची बातमी देशभर गाजली. बिडकीनला टोयोटाचा कारखाना आणण्याचा करार जुलै २०२४ मध्ये झाला. म्हणजे गाव मोटारींचं, आणि आपण मात्र त्या मोटारीला आपला फोन जोडायला मुलाची शाळा सुटण्याची वाट पाहायची!

(शहराचं नाव २०२३ साली अधिकृतपणे बदललं. जुन्या गाडीच्या आतला नकाशा अजून औरंगाबादच दाखवत असेल, तर घाबरू नका. तुम्ही योग्य गावात आहात.)

ही भानगड आहे तरी काय?

मोटारीत गाणं ऐकण्याची हौस फार जुनी. अमेरिकेतल्या गॅल्विन बंधूंनी १९३० साली मोटारीत बसवायचा रेडिओ बाजारात आणला आणि त्याचं नाव 'मोटोरोला' ठेवलं. तीच पुढची मोबाईलवाली कंपनी. मग कॅसेट आली, सीडी आली, आणि शेवटी सगळं पोटात घेणारा फोन आला. मोटार बनवणाऱ्यांच्या ध्यानात आलं की माणसं आपल्या स्क्रीनकडे पाहतच नाहीत, मांडीवरच्या फोनकडे पाहतात. मग फोनलाच स्क्रीनवर आणायचं ठरलं. २०१४ साली ॲपलनं कारप्ले आणलं आणि त्याच वर्षी गुगलनं अँड्रॉइड ऑटो जाहीर केलं. दोन्हींचं काम एकच. फोनमधले नकाशे, फोन लावणं, गाणी आणि निरोप एवढंच मोजकं सामान मोठ्या अक्षरांत गाडीच्या स्क्रीनवर मांडायचं. निरनिराळ्या कंपन्या आपापलं वेगळं नाव देतात. मारुतीत स्मार्टप्ले म्हणतात, स्कोडात स्मार्टलिंक. नावांनी गोंधळून जाऊ नका, आतलं दुकान तेच आहे.

ब्लूटूथ ही त्याहून जुनी आणि साधी सोय. गाडीला मोठी स्क्रीन नसली, साधा बटणांचा स्टिरिओ असला, तरी बहुधा ब्लूटूथ असतंच. त्यावर फोनवरचं बोलणं आणि गाणी ऐकता येतात, पण नकाशा दिसत नाही. ह्या नावाची गंमत ठाऊक आहे का? दहाव्या शतकात डेन्मार्कमध्ये हाराल्ड नावाचा राजा होता आणि त्याचं टोपणनाव 'ब्लूटूथ', म्हणजे निळा दात! त्यानं भांडणाऱ्या टोळ्या एकत्र आणल्या, म्हणून भांडणाऱ्या यंत्रांना एकत्र आणणाऱ्या ह्या युक्तीला त्याचं नाव दिलं. फोनवर जी निळी खूण दिसते, ती त्याच्या नावाची दोन आद्याक्षरं जुन्या लिपीत एकमेकांत गुंफलेली आहेत. वर्गात हे सांगितलं तेव्हा पुढं आठवडाभर मुलं एकमेकांचे दात तपासत होती.

रविवारची दुपार आणि अर्धा तास

गाडी उभी असताना, हँडब्रेक ओढलेला असताना हे काम करायचं. रस्त्यात, सिग्नलला, "आत्ता पटकन" असं अजिबात नाही. इंजिन चालू करण्याचीही गरज नसते. किल्ली एक-दोन खटके फिरवली की स्क्रीन जागी होते. बटणाच्या गाडीत क्लच किंवा ब्रेक न दाबता बटण दाबलं की तेच होतं. बंद गॅरेजमध्ये इंजिन चालू ठेवून तर मुळीच बसू नका. धुरातल्या विषारी वायूला ना वास ना रंग, आणि तो माणसाला झोपेतच नेतो. इंजिन बंद ठेवून तासन्‌तास बसणंही बरं नव्हे, कारण बॅटरी उतरते. अर्धा तास पुष्कळ झाला. एक कप चहा बरोबर घ्या आणि मुलाला खेळायला पाठवा.

आधी ब्लूटूथ. फोनच्या सेटिंगमध्ये जाऊन ते चालू करा. गाडीच्या स्क्रीनवर फोनचं चित्र किंवा 'सेटिंग' असेल, तिथं 'नवीन डिव्हाइस जोडा' अशा अर्थाचं काहीतरी सापडेल. ते दाबलं की गाडी आपलं नाव हवेत पुकारू लागते आणि फोनच्या यादीत गाडीचं नाव दिसतं. त्यावर बोट ठेवा. आता दोन्हीकडे सहा आकडी एकच क्रमांक झळकेल. तो खरंच एकच आहे का, हे वाचून पाहा आणि मगच 'हो' म्हणा. हा आकडा उगीच नसतो. अपार्टमेंटच्या पार्किंगमध्ये एकाच कंपनीच्या चार गाड्या शेजारी शेजारी उभ्या असतात. आपला फोन शेजारच्यांच्या गाडीशी लग्न लावून बसू नये म्हणून ही पत्रिका जुळवायची. जुन्या स्टिरिओत असा आकडा येत नाही, फोन तुम्हांलाच आकडा विचारतो. तिथं बहुधा ०००० किंवा १२३४ चालतं.

मग फोन विचारतो, "संपर्कांची यादी गाडीला देऊ का?" हो म्हटलं की तुमचे सगळे नंबर गाडीत उतरतात आणि "आईला फोन लाव" म्हटलं की लागतो. नाही म्हटलं तरी आलेला फोन घेता येतो. काय म्हणायचं ते ठरवण्याआधी हा लेख शेवटपर्यंत वाचा.

दुसरी वाट केबलची. माझ्या मते सुरुवात इथूनच करावी, कारण ह्यात रुसवेफुगवे कमी. फोन अनलॉक करा, केबलनं गाडीला जोडा. फोन दोन-चार परवानग्या विचारील, त्या वाचून द्या. अँड्रॉइड १० पासून पुढच्या फोनमध्ये हे आत बसवूनच येतं, वेगळं काही घ्यावं लागत नाही. आयफोनमध्ये सिरी चालू असावी लागते. इतकं झालं की स्क्रीनवर तुमचा नकाशा, तुमची गाणी हजर.

झाली नाहीत, तर नव्वद टक्के वेळा दोष केबलचा असतो, असं माझं निरीक्षण आहे. केबल दिसायला सगळ्या सारख्या, पण आतून दोन जातींच्या. काहींत फक्त वीज वाहून नेणाऱ्या तारा असतात. त्यांनी फोन चार्ज होतो, पण एक अक्षर पलीकडे जात नाही. डबेवाल्याबरोबर जेवण जावं, पण डब्यात ठेवलेली चिठ्ठी मात्र जाऊ नये, तशी गत! निरोप नेणाऱ्या तारा असलेली ती डेटा केबल. ओळखायची सोपी रीत म्हणजे ती संगणकाला लावून पाहायची. फोनमधले फोटो संगणकावर दिसले तर केबल कामाची. पैठण गेटला केबल घेताना "डेटावाली द्या" असं स्पष्ट सांगा. ती लांबलचक नको, मीटरभर पुरते. आणि फोनबरोबर डब्यातून आलेली मूळ केबल कपाटात पडली असेल तर आधी तीच लावून बघा, उगीच पैसे कशाला?

दुसरी शंका भोकाची. गाडीत केबल लावायच्या दोन-तीन जागा असतात, पण स्क्रीनशी बोलणारी बहुधा एकच असते. बाकीच्या नुसत्या चार्जिंगच्या, मागच्या सीटवाल्यांसाठी. बोलणाऱ्या जागेशेजारी सहसा फोनचं किंवा यूएसबीचं चिन्ह असतं. तिसरी शंका फोनच्याच तोंडाची. पर्समधला भुगा, पावडर नि कापडाची धूळ फोनच्या खाचेत जाऊन बसते आणि केबल अर्धवटच आत जाते. फोन बंद करून लाकडी दातकोरणीनं हलक्या हातानं साफ करा. टाचणी किंवा सुई घालू नका.

तिसरी वाट बिनतारी. केबल नको, काही नको, गाडीत बसलं की आपोआप. ब्लूटूथ नुसती ओळख करून देतं आणि खरी देवघेव वाय-फायवर होते. त्यासाठी गाडीतही सोय लागते आणि अँड्रॉइडचा फोन बहुधा ११ किंवा त्यापुढचा लागतो. ऐट मोठी, पण फोन तापतो आणि बॅटरी भराभर उतरते. आपल्याकडचा मे महिना तुम्हांला माहीत आहे. चाळीसच्या वर पारा, गाडी उन्हात उभी, डॅशबोर्डवर पापड भाजून निघेल. ॲपल कंपनी स्वतःच सांगते की आयफोन ० ते ३५ अंशांत वापरावा. म्हणून उन्हाळ्यात तरी केबल लावा आणि फोन काचेखाली न ठेवता खालच्या कप्प्यात, सावलीत ठेवा.

यादी भरली, आणि फोन लागेना

आता ज्या गोष्टीसाठी मी हा लेख लिहायला घेतला, ती सांगते.

माझ्या एका मैत्रिणीचे यजमान वाळूजला रात्रपाळीला. घरी ती, दोन मुलं आणि सासूबाई. एका रात्री साडेअकराला सासूबाईंना दम लागला. बाईनं धीर सोडला नाही. मुलांना शेजारी ठेवलं, सासूबाईंना मागं बसवलं, गाडी काढली. नेहमीच्या डॉक्टरांनी फोनवरून एका दवाखान्याचं नाव सांगितलं, पण तिला तिथला रस्ता माहीत नव्हता. गाडीच्या स्क्रीनला आपला फोन जोडायला गेली, तर गाडी म्हणते यादी भरली! गाडीला ठराविकच फोन लक्षात ठेवता येतात आणि त्या यादीत कोण कोण होतं? यजमान, यजमानांचा ऑफिसचा फोन, दीर, भाचा आणि मागच्या दिवाळीत वेरूळला बरोबर आलेले पाहुणे. गाडी जी रोज चालवते तिचंच नाव नव्हतं. शेवटी खांदा नि कान ह्यांच्यामध्ये फोन धरून, डॉक्टरांना रस्ता विचारत तिनं गाडी नेली. सासूबाई बऱ्या आहेत. पण त्या पंधरा मिनिटांत काहीही होऊ शकलं असतं, हे ती स्वतःच सांगते आणि सांगताना अजून तिचा हात गळ्यातल्या मंगळसूत्राकडे जातो.

म्हणून रविवारच्या त्या अर्ध्या तासातली पाच मिनिटं ह्या यादीला द्या. ब्लूटूथच्या यादीत जाऊन पाहुण्यांची, भाच्यांची, विकून टाकलेल्या जुन्या फोनांची नावं पुसा. पुष्कळ गाड्यांत कुठल्या फोनला पहिला मान द्यायचा हे ठरवता येतं. तिथं मान कुणाला द्यायचा ते घरात बोलून ठरवा. माझं मत विचाराल तर, जी व्यक्ती जास्त वेळा चालवते तिचा. दोघंही गाडीत असलात तर गाडी बहुधा आधी सापडेल त्याचा किंवा मागच्या खेपेचा फोन उचलते. दुसऱ्याचा हवा असेल तर निघण्याआधी स्क्रीनवर जाऊन बदलायचा. ह्यात मानापमान काही नाही. स्टिअरिंगवर असेल त्याचा फोन स्क्रीनवर, असा साधा नियम आमच्याकडे आहे.

काल जोडला होता, आज ऐकत नाही, असंही होतं. तेव्हा दोन्हीकडून ओळख मोडायची आणि नव्यानं करायची. फोनच्या यादीत गाडीच्या नावापुढं 'विसरा', गाडीच्या यादीत फोनच्या नावापुढं 'काढून टाका', आणि मग पुन्हा पहिल्यापासून. एकाच बाजूनं मोडलं तर भांडण मिटत नाही, हा अनुभव संसारात असतोच. स्क्रीनच थिजली असेल तर बऱ्याच गाड्यांत आवाजाचं किंवा चालू-बंदचं बटण काही सेकंद दाबून धरलं की ती पुन्हा सुरू होते. नेमकं कुठलं, ते गाडीबरोबरच्या पुस्तकात असतं. ते पुस्तक ग्लोव्ह बॉक्समध्ये प्लॅस्टिकच्या पिशवीत न उघडता पडलेलं असतं, तेही ह्याच रविवारी उघडा. नकाशातल्या बाईचा आवाज ऐकू येत नसेल तर तो गाण्यापेक्षा वेगळा असतो. ती बोलत असताना आवाजाचं बटण फिरवलं की तिचाच वाढतो.

गाडीला कान असतात

आता थोडं नाजूक बोलते. आमच्या कॉलनीतल्या एक वहिनी दुपारी स्वयंपाकघरात बहिणीशी फोनवर बोलत होत्या. विषय तोच, आपला नेहमीचा, घरातल्या माणसांचा! तेवढ्यात यजमानांनी पोर्चमध्ये गाडी चालू केली, सासूबाई शेजारी बसलेल्या. ब्लूटूथचा पल्ला सहज दहा मीटरचा, मध्ये एक भिंत असली तरी चालतं. गाडीनं वहिनींचा फोन ओळखला, चालू असलेलं बोलणं आपल्याकडे ओढलं, आणि बहिणीचा खणखणीत आवाज गाडीच्या चार स्पीकरांतून सासूबाईंच्या कानी पडला. पुढं काय झालं ते वहिनींनी सांगितलं नाही, आणि आम्हीही विचारलं नाही.

ऐकून हसू येतं, पण विचार करा. हेच बोलणं दवाखान्यातून आलेल्या रिपोर्टचं असतं तर? माहेरच्या पैशांचं? मुलीच्या स्थळाचं? आपल्या घरात बाईला एकटीनं बोलायला जागा तशीही कमीच असते. म्हणून बोलताना आवाज एकदम नाहीसा झाला तर घाबरू नका. फोनवर स्पीकरच्या चित्राला हात लावा, तिथं गाडी, स्पीकर, फोन असे पर्याय येतात, त्यातला 'फोन' निवडा. आणि पोर्चमध्ये गाडी लावणाऱ्या घरात ब्लूटूथ घरी आल्यावर बंद करायची सवय ठेवा.

दुसरी गोष्ट निरोपांची. अँड्रॉइड ऑटो आणि कारप्ले दोन्ही आलेला निरोप मोठ्यानं वाचून दाखवतात. भाऊबीजेला निघालेल्या भरल्या गाडीत नणंदेसमोर काय वाचलं जाईल ह्याचा नेम नाही. हे बंद करता येतं. अँड्रॉइडमध्ये ऑटोच्या सेटिंगमध्ये निरोपांच्या सूचना आहेत, आयफोनमध्ये सूचना मोठ्यानं वाचण्याची सोय आहे, ती तिथूनच बंद करायची. आयफोनमध्ये 'ड्रायव्हिंग' नावाचा फोकस लावला, तर गाडी चालवताना सूचना गप्प राहतात आणि समोरच्याला "मी गाडी चालवत आहे" असं आपोआप कळवता येतं. ही सोय मला फार आवडते. दर पाच मिनिटांनी "कुठंपर्यंत आलीस?" असं विचारणाऱ्या माणसांना उत्तर द्यायला कुणीतरी हवंच होतं.

तेहतीस मीटर

इतकं सगळं करायचं ते कशासाठी? हात स्टिअरिंगवर आणि डोळे रस्त्यावर राहावेत म्हणून. गणित सोपं आहे, मुलांकडून करून घ्या. ताशी ४० किलोमीटरनं जाणारी गाडी एका सेकंदात सुमारे ११ मीटर जाते. निरोप वाचायला तीन सेकंद खाली पाहिलं, तर ३३ मीटर आपण डोळे मिटून चाललो. जालना रोडवर ३३ मीटरांत एक रिक्षा वळते, एक आजोबा दुभाजकावरून उतरतात आणि एक म्हैस विचार बदलते. समृद्धी महामार्गावर मोटारींना ताशी १२० ची मर्यादा आहे. त्या वेगात तीन सेकंद म्हणजे १०० मीटर.

कायदाही कडक झाला आहे. २०१९ च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्याच्या कलम १८४ प्रमाणे, हातात फोन धरून गाडी चालवणं हे धोकादायक वाहन चालवणं धरलं जातं. पहिल्यांदा १ हजार ते ५ हजार रुपये दंड, किंवा सहा महिने ते एक वर्ष कैद, किंवा दोन्ही. तीन वर्षांत पुन्हा सापडलात तर दंड १० हजार. केंद्राच्या नियमांत २०२० मध्ये असं आलं की फोन हातात घ्यायचा तर फक्त रस्ता पाहण्यासाठी, तोही लक्ष विचलित न होईल अशा रीतीनं. स्कूटरवर हेल्मेटमध्ये फोन खुपसून बोलणाऱ्यांनीही हे वाचावं.

आणि एक गैरसमज काढून टाका. फोन गाडीला जोडला म्हणजे बोलणं निर्धोक झालं, असं नाही. अमेरिकेतल्या यूटा विद्यापीठातल्या संशोधकांनी एका मोटार संघटनेसाठी ह्याचा अभ्यास केला आणि २०१५ साली सांगितलं की गाडीला आवाजी हुकूम देऊन झाल्यावरही मन पूर्णपणे रस्त्यावर परतायला २७ सेकंदांपर्यंत वेळ लागू शकतो. शहरातल्या वेगानं त्या वेळात गाडी ३०० मीटर पुढं गेलेली असते. हात मोकळे असतात, पण मन बहिणीच्या घरात असतं! म्हणून मोठं बोलणं गाडी कडेला लावूनच करावं. "पोचल्यावर बोलते" हे वाक्य मात्र एका सेकंदात म्हणता येतं.

ह्याच कारणानं गाडी चालताना स्क्रीनवर सिनेमा दिसू देत नाहीत. कार डेकोरच्या दुकानांत हे कुलूप 'खोलून' देणारे भेटतात. मुलं हट्ट करतील, नाही म्हणा. तिथंच नवी मोठी स्क्रीन बसवायची असेल तर गाडीच्या मूळ वायरी कापू देऊ नका. गाडीनुरूप तयार जोडणी मिळते, ती मागा. वायरी कापल्या तर वॉरंटीचा प्रश्न निघतो, आणि आखूड-लांब जोडलेल्या वायरींतून ठिणगीची भीती ती वेगळीच.

नकाशाचं एक राहिलं. कन्नडच्या घाटात, गौताळ्याच्या बाजूला किंवा अजिंठ्याकडं जाताना फोनची रेंज जाते आणि पुष्कळजणी समजतात की आता नकाशा संपला. रस्ता दाखवणारी खूण उपग्रहांवरून येते, तिला रेंज लागत नाही. रेंज लागते ती नकाशाचं चित्र उतरवायला. तेव्हा घरी वाय-फायवर असतानाच, गुगल मॅप्समध्ये ऑफलाइन नकाशा म्हणून आपला जिल्हा आणि जायचं गाव उतरवून ठेवा. मग घाटातही बाण चालतो. फक्त वाहतुकीची ताजी खबर मिळत नाही. दौलताबादच्या त्या अरुंद दरवाजात रविवारी काय कोंडी असते, ते मात्र ऑफलाइन नकाशा सांगत नाही. ते शेजारणीला विचारून निघावं.

ठिकाण टाकायचं तेही निघण्याआधी, उभ्या गाडीत. वाटेत बदलायचं झालं तर शेजारी बसलेल्याला सांगा. शेजारी कुणी नसेल तर पेट्रोल पंपावर थांबा.

आता ती संपर्कांची यादी. गाडी आपली असेल, घरातच राहणार असेल, तर खुशाल द्या. लग्नकार्याला भाड्यानं घेतलेल्या गाडीला, दुसऱ्याच्या गाडीला देऊ नका. तिथं गाणी हवीत तर नुसतं ब्लूटूथ जोडा, परवानगीला नाही म्हणा, आणि उतरताना आपलं नाव त्या यादीतून पुसा. टूरच्या गाड्यांच्या स्क्रीनवर कुणाकुणाच्या फोनची नावं असतात ती एकदा वाचून पाहा! गाडी विकायची वेळ आली की आरसी, विमा, जादा किल्ली हे सगळं आठवणीनं दिलं जातं, पण यादी तशीच नव्या मालकाकडे जाते. तिच्यात डॉक्टर, मुलांच्या बाई, माहेर, सगळ्यांचे नंबर असतात. नकाशात घराचा पत्ताही 'घर' म्हणून साठवलेला असतो. स्क्रीनच्या सेटिंगमध्ये 'फॅक्टरी रिसेट' असतं, ते दाबलं की स्क्रीन कोरी होते. मग आपल्या फोनमधूनही त्या गाडीचं नाव काढायचं, सीटखालची चिल्लर नि मुलांच्या पेन्सिली गोळा करायच्या, आणि किल्ली हातात द्यायची.